स्कोअरकार्ड वाचन : ६६४ धावा आणि बसून राहिलेली सात मुलं



२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला. तेव्हापासून आमच्या नवी मुंबईतल्या वर्गांमध्ये खेळाचा विषय काढायला निमित्त लागत नाही. निमित्त मुलंच काढतात. स्टेडियम आपल्या गावातलं, स्टेशन आपलं, कुणाचा काका त्या दिवशी आत होता, कुणाच्या बिल्डिंगमधून फ्लडलाइट दिसत होते. अशा वेळी मुलांचं लक्ष हातात असतं आणि ते वाया घालवू नये, असं मला वाटतं. म्हणून आठवीच्या वर्गात दोन तासिका घेऊन एक उपक्रम केला. शालेय आणि महाविद्यालयीन स्पर्धांमधले गाजलेले सामने घ्यायचे, त्यांचं स्कोअरकार्ड फळ्यावर मांडायचं, आणि धडा वाचतो तसं ते वाचायचं. त्यातून जे निघालं ते इथे मांडतेय. क्रिकेटमधलं फारसं कळत नसलं तरी वाचा, कारण विषय शेवटी मुलांचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईत शाळांची हॅरिस शील्ड ही स्पर्धा १८९६-९७ पासून चालू आहे. लॉर्ड हॅरिस हे त्याआधी काही काळ मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं हे नाव. तिच्या जोडीला लहान मुलांची गाइल्स शील्ड. विद्यापीठांसाठी १९३५ पासून रोहिंटन बारिया करंडक. म्हणजे आपल्याकडे रणजी करंडक सुरू झाला त्याच्या कितीतरी आधीपासून शाळेची पोरं शील्डसाठी भांडत होती. या सामन्यांना तिकीट नसतं, स्टँड नसतो. आझाद मैदानावर एकाच वेळी वीसेक खेळपट्ट्यांवर सामने चालू असतात. एकाचा मिडविकेट हा दुसऱ्याचा थर्डमॅन असतो, आणि शेजारच्या सामन्यातला चेंडू आला की आपला क्षेत्ररक्षक तो मुकाट्याने परत फेकतो. पाहणारे कोण? डबा घेऊन आलेल्या आया, रजा टाकून आलेले एखाददुसरे बाबा, जेवणाच्या सुट्टीत फोर्टातल्या ऑफिसातून चक्कर मारणारे लोक, आणि दर मैदानावर असतात तसे एक-दोन आजोबा, ज्यांना गेल्या पन्नास वर्षांतल्या शाळांचे संघ पाठ असतात. नवी मुंबईची मुलं हार्बर लाइनने तासभर उभ्याने, किटबॅग पायांत धरून जातात. सीएसएमटीला उतरलं की रस्ता ओलांडून मैदान. इतकं साधं सगळं, पण मुंबईकराला शाळेच्या क्रिकेटचं जे वेड आहे ते या साधेपणातूनच आलेलं आहे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शाळेचं नाव आणि दोन ओळींचा धावफलक आला की त्याचं कात्रण घरात वर्षानुवर्षं टिकतं.

आता पहिलं स्कोअरकार्ड. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रमची धावसंख्या २ बाद ८४ असताना विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर एकत्र आले. त्यानंतर गडी पडलाच नाही. दुसऱ्या दिवशी डाव घोषित केला तेव्हा फलक होता २ बाद ७४८. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४. एक सोळा वर्षांचा, दुसऱ्याला पंधरावं चालू. झेवियर्सचा डाव १४५ वर आटोपला आणि त्यातही कांबळीने ३७ धावांत ६ बळी घेतले. आचरेकर सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक बाहेरून डाव घोषित करा म्हणून ओरडत होते आणि ही दोघं ऐकू न आल्यासारखं करत खेळत राहिली. शेवटी सरांनी फोनवरून खडसावलं तेव्हा डाव थांबला. कांबळीला ३५० साठी फक्त एक धाव हवी होती, तीसुद्धा सरांनी घेऊ दिली नाही. ही हकीकत पुढे मुलाखतींतून इतकी सांगितली गेली की मुंबईत ती आता गोष्टच झाली आहे.

मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात. मग मी फळ्यावर विचारते, "शारदाश्रमच्या संघात किती मुलं?" अकरा. "बॅट किती जणांच्या हातात आली?" इथे वर्ग थांबतो. दोन बाद झाले, दोन नाबाद राहिले. चार. मग उरलेले सात?

हा प्रश्न मुलांनीच पुढे नेला. सात जण दोन दिवस काय करत होते? बसले होते. आणि समोरचे अकरा? ते धावत होते. म्हणजे त्या मैदानावरच्या बावीस मुलांपैकी ज्यांचा तो दिवस होता अशी मुलं दोन. एका मुलीने पटकन म्हटलं, "मग हा सामना वीस जणांसाठी बोअरच झाला असणार!" वर्ग हसला, पण गणित बरोबर आहे.

त्या सात जणांमधला एक पॅड बांधून बसला होता. पुढचा नंबर त्याचा. वय तेरा. त्याचं नाव अमोल मुझुमदार. गडी पडेल आणि आपण जाऊ, या तयारीत तो बसला आणि ६६४ धावा होईपर्यंत गडी पडला नाही. पुढे १९९३-९४ च्या हंगामात मुंबईकडून रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीतल्या पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता, आणि २०१८ पर्यंत टिकला. एकूण १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. २००६-०७ ला मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारा कर्णधार. भारताच्या संघातून मात्र एकही सामना नाही. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी मधली फळी लागून गेली होती, पुन्हा गडी पडलाच नाही म्हणा ना!

आणि हेच अमोल मुझुमदार नोव्हेंबर २०२५ च्या त्या रात्री नेरूळच्या मैदानावर भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून उभे होते. ऑक्टोबर २०२३ पासून ते या पदावर होते. वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून टाळ्या आल्या. मी काही शिकवायची गरज उरली नाही.

अंतिम सामन्याचे आकडे तुम्हाला माहीत असतीलच, तरी नोंदीसाठी : भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका सर्वबाद २४६, विजय ५२ धावांनी. शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि ५ बळी. समोर लॉरा वोल्वार्टचं शतक. पण मला वर्गासाठी जास्त आवडला तो तीन दिवस आधीचा, ३० ऑक्टोबरचा उपांत्य सामना. तोही नेरूळलाच झाला. ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या होत्या. महिला विश्वचषकाच्या बाद फेरीत इतक्या धावांचा पाठलाग आधी कुणी केलेला नव्हता. वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज, जिला याच स्पर्धेत एका सामन्यासाठी संघाबाहेर बसवलं होतं, ती नाबाद १२७ खेळली, हरमनप्रीतने ८९ केल्या आणि ९ चेंडू राखून भारत जिंकला. मधल्या वेळात मुझुमदारांनी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर एवढंच लिहिलं होतं, की अंतिम फेरीत जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी आहे. सामन्यानंतर खेळाडूंनीच हे सांगितलं. फळ्यावर लिहून सामना जिंकता येतो, याचा आम्हा खडूवाल्यांना किती आनंद झाला असेल याची कल्पना करा.

एक धाव जास्त. ६६४ धावा बाहेर बसून पाहिलेल्या माणसाने हे लिहावं, याच्यावर मुलांनी खूप बोलून घेतलं. मी मध्ये पडले नाही.

समोरच्या अकरा जणांचं काय?

गाजलेल्या सामन्यांच्या गोष्टीत हरलेल्या संघाला नाव नसतं. म्हणून मुद्दाम झेवियर्सच्या बाजूने तोच सामना पुन्हा वाचला. त्यांच्या संघात साईराज बहुतुले नावाचा पंधरा वर्षांचा लेगस्पिनर होता. त्याचे आकडे : २७ षटकं, १८२ धावा, बळी शून्य. आता पालकांनो, प्रामाणिकपणे सांगा, आपल्या मुलाचे असे आकडे पेपरात आले तर संध्याकाळी घरात काय बोलणं होईल? क्लास लावू, अभ्यासाकडे लक्ष दे, पुरे झालं क्रिकेट. यातलं काहीतरी एक नक्की. बहुतुले खेळत राहिला. १९९० ला कारच्या भीषण अपघातात त्याचा पाय इतका मोडला की आत सळई बसवावी लागली. तरीही परत आला, मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळला, प्रथम श्रेणीत ६३० बळी घेतले आणि २००१ मध्ये भारताकडून दोन कसोटीही खेळला. ज्याला त्या दिवशी सर्वांत जास्त मार पडला त्याची कारकीर्द ही अशी. आणि ज्याच्या नावावर ३४९ लागले त्या कांबळीने पुढे लागोपाठच्या कसोटींत २२४ आणि २२७ केल्या, कसोटीतली सरासरी ५४.२० ठेवली, पण शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता. शाळेच्या सामन्यातल्या आकड्यांवरून मुलाचं भविष्य काढणाऱ्यांनी हे चौघे एका ओळीत लिहून बघावेत : तेंडुलकर, कांबळी, मुझुमदार, बहुतुले. एकाच मैदानावरचे, एकाच दिवशीचे.

दुसरं स्कोअरकार्ड कल्याणचं आहे, आणि ते मला वर्गात वाचताना जड जातं. ४ आणि ५ जानेवारी २०१६, भंडारी करंडक, सोळा वर्षांखालील आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. पहिल्या दिवसअखेर तो ६५२ वर होता, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ सालचा नाबाद ६२८ चा विक्रम पहिल्याच दिवशी मोडला होता. ११६ वर्षं टिकलेला विक्रम एका रिक्षाचालकाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने मोडला, याचा अभिमान वाटायलाच हवा आणि वाटतोही. १२९ चौकार, ५९ षटकार. (गणिताच्या शिक्षकांसाठी : चौकार-षटकारांच्या धावा किती, आणि पळून किती काढल्या? उत्तर ८७० आणि १३९. सहावीलासुद्धा चालतं हे.)

पण बाजूची ओळ वाचा. त्यांच्या शाळेचा डाव ३ बाद १४६५ वर घोषित. समोरची आर्य गुरुकुल शाळा पहिल्या डावात ३१ आणि दुसऱ्या डावात ५२. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय. समोरच्या संघात बरीच मुलं वयाने लहान होती आणि मैदानाची सीमारेषा जवळ होती, याची त्या वेळी वर्तमानपत्रांत खूप चर्चा झाली. मला त्या चर्चेत प्रणवला कमी लेखायचं नाही. चेंडू समोर आला आणि त्याने मारला, मुलाने आणखी काय करायचं? प्रश्न मोठ्यांचा आहे. बाराशे, तेराशे, चौदाशे होत असताना सीमारेषेबाहेर किती मोठी माणसं उभी होती? दोन्ही बाजूंचे शिक्षक, प्रशिक्षक, पंच, स्पर्धेचे लोक. त्यांतल्या कुणाला थांबवावंसं वाटलं नाही, कारण विक्रम होत होता आणि विक्रम होताना आपल्याकडे सगळ्यांचे हात आपोआप टाळ्यांसाठी जुळतात.

प्रणवचं पुढे काय झालं हेही मुलांना सांगितलं पाहिजे. रात्रीत प्रसिद्धी मिळाली, सत्कार झाले, मुंबई क्रिकेट संघटनेने पाच वर्षांसाठी महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढची प्रत्येक खेळी त्या १००९ शेजारी ठेवून मोजली जाऊ लागली. दीड-दोन वर्षांत त्याच्या वडिलांनी संघटनेला पत्र लिहून ती शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं, कारण मुलाचा खेळ हवा तसा होत नव्हता. रिक्षा चालवणाऱ्या घरातून महिना दहा हजार परत करायला केवढी हिंमत लागते! या वडिलांवर एखादा धडा कुणीतरी लिहायला हवा.

असे सामने आणखीही आहेत. २०१३ मध्ये चौदा वर्षांच्या पृथ्वी शॉने रिझवी स्प्रिंगफील्डकडून हॅरिस शील्डमध्ये ५४६ केल्या, संघाच्या ९९१. मुलींतही सांगलीची स्मृती मानधना २०१३ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४, आणि २०१७ ला जेमिमा त्याच वयोगटात नाबाद २०२. हे सगळं लिहून झाल्यावर फळा बघितला तर आपल्या गाजलेल्या सामन्यांचा एक ठरलेला नमुना दिसतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. आपण जो सामना आठवतो तो बहुतेक वेळा पहिल्या तासातच संपलेला असतो!

इथे मी मुलांना अमेरिकेत नेलं. कारण तिथल्या विद्यार्थी-खेळाचं वेड आपल्याहून दांडगं आहे, पण त्यांच्या आठवणी वेगळ्या आहेत. तिथे मार्चमध्ये कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा होते. आपला मार्च म्हणजे दहावीची परीक्षा आणि त्यांचा मार्च म्हणजे ही स्पर्धा. तिला 'मार्च मॅडनेस' असंच म्हणतात. १९३९ ला आठ संघांनी सुरू झाली, आता ६८ संघ असतात. स्पर्धेआधी लोक सगळ्या सामन्यांचा तक्ता छापून घेऊन कोण जिंकेल ते भरतात, ऑफिसात, शाळेत, घराघरात. तिकडे गेलेली आपली मराठी कुटुंबंही मुलांच्या नादाने भरू लागतात. सामना चाळीस मिनिटांचा, हरला तो घरी. आणि तिथले आजोबा ज्या सामन्यांच्या गोष्टी सांगतात ते असे : १९८३ चा अंतिम सामना. ह्यूस्टनचा संघ बलाढ्य, समोर नॉर्थ कॅरोलिना स्टेट. ५२-५२ बरोबरी, शेवटचे सेकंद. स्टेटच्या खेळाडूने लांबून टाकलेला चेंडू बास्केटपर्यंत पोचतच नाही, आणि लॉरेन्झो चार्ल्स नावाचा त्याचा सहकारी तो हवेतच पकडून आत घालतो. ५४-५२. किंवा २०१८ चा मार्च. गटातला पहिला मानांकित व्हर्जिनिया विरुद्ध सोळावा मानांकित, बाल्टिमोर काउंटीचं एक कॉलेज. त्याआधी सोळाव्या मानांकित संघांनी पहिल्याविरुद्ध १३५ सामने खेळले होते आणि १३५ हरले होते. १३६ वा जिंकले, ७४-५४. देशभर ज्यांनी ते कॉलेज ऐकलंही नव्हतं ते नाचले. पुढच्या वर्षी, २०१९ ला, तेच हरलेले व्हर्जिनिया विजेते झाले, हेही सांगायला विसरू नका. मुलांना ते जास्त भावतं.

म्हणजे तिथल्या लोकांना लहानाने मोठ्याला हरवलेलं आठवतं, आपल्याला मोठ्याने लहानाला किती हरवलं ते आठवतं. याचा दोष आपल्या स्वभावाला देणं सोपं आहे, पण बरंचसं कारण खेळाच्या रचनेतच आहे. बास्केटबॉलमध्ये घड्याळ चालू असतं, एका संघाने बास्केट केली की चेंडू दुसऱ्याच्या हातात जातो, आणि संघातल्या बाराही जणांना कितीही वेळा आत-बाहेर करता येतं. एकजण दोन दिवस चेंडू स्वतःकडे ठेवूच शकत नाही. दोन-तीन दिवसांच्या क्रिकेटमध्ये ठेवू शकतो. त्यात बाद पद्धत. बाद पद्धतीत संघ जितके, त्याहून एकच सामना कमी लागतो (६८ संघ, ६७ सामने, हेही गणितात घ्या, मुलांना तक्ता काढू द्या, सूत्र त्यांनाच सापडतं). पण त्याच तक्त्यात दिसतं की ६४ संघांतले ३२ पहिल्याच सामन्यानंतर घरी. आपल्या मनपास्तरावरच्या शालेय स्पर्धांतही हेच. निम्म्या शाळांना वर्षात एकच सामना मिळतो. त्या एका सामन्यात समोरच्याने दिवसभर फलंदाजी केली, तर एखाद्या मुलाची शाळेसाठी खेळण्याची सगळी आठवण म्हणजे उन्हात चेंडू आणायला धावणं. दहावीचे क्रीडा सवलतीचे गुण तर फार पुढची गोष्ट, ते वरच्या फेऱ्यांत पोचणाऱ्यांसाठी.

यावर आमच्या पालक सभेत चांगलीच वादावादी झाली. शाळेच्या आंतरकुल स्पर्धेत मी एक नियम सुचवला होता : तीस धावा झाल्या की फलंदाजाने निवृत्त व्हायचं, सगळ्यांची बारी झाली तरच परत यायचं. एक बाबा उठून म्हणाले, "बाई, असं केलं तर सचिन कसा घडणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. मुंबईच्या फलंदाजीचं मोठेपण याच हट्टात आहे की शंभर झाल्यावर पुन्हा नव्याने गार्ड घ्यायचा, विकेट फेकायची नाही. ती सवय हॅरिस शील्डच्या लांब डावांतच लागते. तिथे तीस धावांची कात्री लावली तर ते क्रिकेटच मरेल, आणि मला ते नको आहे. माझं म्हणणं एवढंच की हॅरिस शील्ड वेगळी आणि आठवी-अ विरुद्ध आठवी-ब वेगळं. निवड झालेल्या, तयारीच्या मुलांच्या स्पर्धेत मोठा डाव खेळू द्या, फक्त षटकांना मर्यादा असावी म्हणजे समोरच्यालाही बॅट मिळेल. आणि शाळेच्या आवारात मात्र प्रत्येकाच्या हातात बॅट आलीच पाहिजे. त्या बाबांना हे पूर्ण पटलं नाही. त्यांचा मुलगा चांगला खेळतो, त्यामुळे त्यांचीही बाजू समजते. जो मुलगा चांगला खेळत नाही त्याचे बाबा सभेत उठून बोलत नाहीत, हीच तर अडचण आहे.

ज्यांना हा उपक्रम घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत १९८८ चं स्कोअरकार्ड फळ्यावर, आकडे अर्धे झाकून. मुलांनी प्रश्न विचारायचे, तुम्ही उत्तरं द्यायची, उलट नाही. दुसऱ्या तासिकेत लेखन. विषय एकच, पण पात्र वाटून द्यायचं : कुणी पॅड बांधून बसलेला मुलगा, कुणी झेवियर्सचा यष्टिरक्षक, कुणी स्कोअर लिहिणारा, कुणी डाव घोषित करा म्हणून ओरडणारे सर, कुणी डबा घेऊन आलेली आई. कांबळी-तेंडुलकर कुणालाच द्यायचे नाहीत. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, आमची कुरकुरली. पण मराठीच्या वहीत 'माझा आवडता खेळाडू' हा निबंध वाचून कंटाळलेल्या शिक्षकांनी एकदा हे करून बघाच. एका मुलाने स्कोअररच्या भूमिकेतून लिहिलं होतं, की दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या पेन्सिलीचं टोक तिसऱ्यांदा मोडलं आणि टोकयंत्र त्या पॅड बांधलेल्या मुलाने दिलं, कारण त्याला दुसरं काही काम नव्हतं.

आमच्या आंतरकुल स्पर्धेचा नियम शेवटी मुलांच्या मतदानावर सोडला. आठवीच्या दोन्ही तुकड्यांत तीसऐवजी पंचवीस धावांवर निवृत्ती मंजूर झाली, आणि एक उपसूचना मुलींकडून आली, तीही मंजूर झाली : स्कोअरबुकात फलंदाजी न मिळालेल्यांची नावंसुद्धा पूर्ण लिहायची, नुसती 'इतर' म्हणून रेघ मारायची नाही. स्पर्धा डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपासून आहे. स्कोअर लिहायला चार मुलं तयार झाली आहेत, त्यांना टॅलीच्या खुणा कशा करायच्या हे याच आठवड्यात शिकवायचं आहे. कुणाकडे जुनी, भरलेली स्कोअरबुकं असतील तर वर्गात दाखवायला हवी आहेत.